परदेशातून शेअर बाजार: नेटच्या आधी ओटीपीची सोय लावा

मुलाकडे दुबईला, लेकीकडे मस्कतला किंवा लंडनला महिना-दोन महिने जाऊन येणारी माणसं आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगावी भेटतात. त्यांतल्या कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये शेअर ठेवायचं डिमॅट खातंही असतं. निघताना प्रश्न ठरलेला: "तिकडे नेट चांगलं असेल ना?" असेल. गणपतीत चाकरमानी आले की आपल्या वाडीत नेटची जी गत होते, त्यापेक्षा बरंच असेल. भाव बघायला आणि चार ऑर्डरी टाकायला डेटा लागतो तरी किती? गाडी अडते ती ओटीपीपाशी. म्हणून आधी भारतातल्या नंबरचं बघा, नेटचं नंतर.

नंबर जिवंत ठेवा

बँकेत आणि ब्रोकरकडे नोंदवलेल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. प्रीपेड असेल तर परत येईपर्यंत पुरेल एवढ्या मुदतीचा रिचार्ज मारा. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत, तरी आपल्या प्लॅनचं विचारून घ्या.

काही जण सिम घरीच पुतण्याकडे ठेवतात आणि ओटीपी व्हॉट्सॲपवर मागवतात. हे करू नका. ओटीपीची मुदत दोन-चार मिनिटांची आणि पुतण्या कलमांच्या फवारणीला गेलेला. शिवाय त्याच नंबरवर तुमची बँकही चालते.

लॉगिनसाठी ऑथेंटिकेटर ॲप जोडून घ्या. त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही की नेट. गंमत अशी की तो फोनच्या घड्याळावर चालतो. भारताची वेळ दिसावी म्हणून कुणी परदेशात घड्याळाचे आकडे हाताने बदलले, की कोड चुकीचे यायला लागतात. वेळ ऑटोमॅटिकच ठेवा आणि भारताचं घड्याळ स्क्रीनवर वेगळं लावा.

तरी शेअर विकताना सीडीएसएल (आपले शेअर जिथे ठेवलेले असतात ती संस्था) मागते तो टीपिन, म्हणजे तिचा गुप्त क्रमांक, आणि ओटीपी उरतोच. विकलेले शेअर खात्यातून काढण्याचा डीडीपीआय हा अधिकार ब्रोकरला आधीच लिहून दिला असेल तर प्रत्येक विक्रीला ती कटकट राहत नाही. मंजुरीला काही दिवस जातात, म्हणून अर्ज लवकर करा.

आणि प्रवासाच्या तोंडावर नवा फोन घेऊ नका. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना भारतातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि तो परदेशातून जाईलच असं नाही. लागणारी रक्कम ट्रेडिंग खात्यात आधीच भरून ठेवलेली बरी.

दोन सिमांची मांडणी

फोनला ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम) चालत असेल तर जिथे जाणार त्या देशाचं डेटा ई-सिम घ्या आणि घरच्या वायफायवरच ते टाकून ठेवा. उतरल्यावर सेटिंगमध्ये डेटासाठी नवं सिम, कॉल-एसएमएससाठी भारतातलं सिम निवडा. भारतातल्या सिमवर डेटा रोमिंग बंद करा. 'डेटा स्विचिंग'चं बटण असेल तर तेही बंद, नाहीतर नव्या सिमची रेंज गेली की फोन गुपचूप जुन्या सिमवर जातो आणि बिल बघून घाम फुटतो.

मुलाच्या घरचं वायफाय आणि हे सिम, असे दोन वेगळे रस्ते झाले. विमानतळ किंवा मॉलच्या फुकट वायफायवर लॉगिन करू नका. व्हीपीएनचा (आपलं नेट दुसऱ्या वाटेने लपवून नेणाऱ्या ॲपचा) सल्ला देणारे बरेच भेटतील. दुबईत त्याच्या गैरवापरावर कडक कायदा आहे, तेव्हा जपून.

फोनवरून ऑर्डर घेणाऱ्या ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा साधा लँडलाइन नंबर लिहून घ्या. १८००चे टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, आणि दुबईतून व्हॉट्सॲप कॉलचाही भरवसा नाही.

बोगद्यात तालीम

मुंबईला दिवसा रेल्वेने जाणार असाल तर ऐन ऑर्डरीत नेट गेलं की काय करायचं, याची तालीम करायची संधी सोडू नका. रत्नागिरी सोडल्यावर भोके स्टेशन मागे पडलं की साडेसहा किलोमीटरचा कारबुडे बोगदा लागतो आणि रेंज जाते. बाजार चालू असेल तर एखाद्या स्वस्त शेअरची, बाजारभावाच्या बऱ्याच खालची, एका नगाची खरेदी ऑर्डर बोगद्याच्या तोंडाशी टाका. चक्र फिरत राहील, ऑर्डर गेली की नाही कळणार नाही. हात शिवशिवतील, पण पुन्हा बटण दाबायचं नाही. बाहेर आल्यावर आधी ऑर्डर बुक (टाकलेल्या ऑर्डरींची यादी) उघडायचं, तिथे काय दिसतं ते बघायचं आणि ती ऑर्डर रद्द करायची. एकाच्या दोन ऑर्डरी होतात त्या याच घाईत.

तुम्ही नसताना चालेल असं काही

स्टॉपलॉसची, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची, साधी ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव येईपर्यंत थांबून राहणारी ऑर्डर, ब्रोकरच्या सर्व्हरवर राहते, तुमचा फोन बंद असला तरी. मात्र ट्रिगर (तो ठरवलेला भाव) लागल्यावर जाते ती लिमिट ऑर्डर, म्हणजे सांगितलेल्या भावाखाली न विकणारी. भाव गॅप पाडून, म्हणजे एकदम उडी मारून, त्याखाली उघडला तर विक्री होत नाही, म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांत थोडं अंतर ठेवा. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे तुकडे) झाला तर जीटीटी रद्द झाली का तेही बघा.

वेळेचं गणित आधी करा. आपला ९:१५चा बाजार दुबई-मस्कतला ७:४५ला उघडतो आणि २ वाजता बंद होतो. सिंगापूरला ११:४५ ते ६. लंडनला उन्हाळ्यात पहाटे ४:४५, हिवाळ्यात ३:४५. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात रात्री ११:४५ ते सकाळी ६. नातवंडांच्या घरी रात्रभर जागून इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (वायद्याच्या) पोझिशन, म्हणजे उघडे सौदे, विमानात बसण्याआधी बंद करा.

हे सगळं भेटीला जाऊन परत येणाऱ्यांसाठी झालं. नोकरीसाठी जाणारा माणूस फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने अनिवासी ठरतो. मग साधं बचत आणि डिमॅट खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलावं लागतं. त्याचे कागद निघण्याआधीच बँकेत विचारून घ्या.