कुदळ मारण्याआधी

इंदुरात घर बांधायला काढलं की पहिला महिना एलिव्हेशनमध्ये, म्हणजे घर समोरून कसं दिसेल यात, जातो. मोबाइलवर फोटो येतात-जातात, गॅलरीला जाळी की काच यावर जेवणं थंड होतात. आमच्याकडेही तेच झालं. पुढे साइटवर वही घेऊन आठ महिने उभी राहिले तेव्हा कळलं, की घराचं जे दिसतं ते कधीही बदलता येतं. जे मातीत, भिंतीत आणि फरशीखाली जातं त्याला एकदाच हात लावता येतो. म्हणून ही यादी उलटी आहे. झाकलं जाणार ते आधी. टाइल्स आणि रंग शेवटी, तेही दोन ओळींत.

पहिलं काम, नकाशा काढायच्याही आधीचं: खाली माती कसली आहे ते पाहायला प्लॉटवर दोन खड्डे खणून घ्या, एक पुढे, एक मागे, शक्यतो जिथे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा ठोकळा, येणार नाही अशा जागी. माळव्याची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. गव्हाला, सोयाबीनला ती आई, घराला सावत्र. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि हे दरवर्षी. सगळीकडे सारखी फुगली असती तरी एकवेळ चाललं असतं. पण बाथरूमच्या बाजूची माती बारमाही ओली आणि पश्चिमेची उन्हाने वाळलेली, म्हणून घर एका अंगाने उचललं जातं. सासऱ्यांनी सुदामानगरात बांधलेल्या घराला मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर चढणारी तिरकी भेग होती. मे महिन्यात तिच्यात रुपया उभा राहायचा, गणपती येईपर्यंत ती मिटायची. दर दिवाळीला आम्ही लांबी भरून रंग द्यायचो आणि दर मे महिन्यात तिचं दर्शन घ्यायचो. वीस वर्षांत त्या एका भिंतीवर जो पैसा गेला, त्यात पाया नीट झाला असता.

खड्डे जेसीबीने घ्या आणि कुणाला आत उतरवू नका; या मातीच्या कडा न सांगता ढासळतात. मुरूम किती फुटांवर लागतो ते टेपने मोजून फोटो काढा. शेजाऱ्याचा हिशोब आपल्याला लागू नाही. एकाच गल्लीत कुणाला चार फुटांवर मुरूम मिळतो आणि कुणाला दहा फूट खणूनही काळीच. मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. शहरात एसजीएसआयटीएससारखी जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, त्यांच्या सिव्हिल विभागात चौकशी करता येते. फुगण्याची चाचणी अगदी साधी असते. दहा-दहा ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती दोन मापनळ्यांत टाकतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्याच्या दीडपट किंवा जास्त दिसली, तर पायावर हात आखडता घ्यायचा नाही असं समजा.

मुरूम पाच-सहा फुटांत असेल तर फुटिंग मुरमावरच बसवा, मुरूम आणि फुटिंगच्या मधे हातभर काळी माती राहिली तरी चालेल असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. मुरूम खूप खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे. खाली फुगा असलेला खांब जमिनीत ओततात. फुग्याचा व्यास दांड्याच्या साधारण अडीचपट. काळ्या मातीसाठीच ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झाली. माती ऋतूंप्रमाणे जिथवर हलते त्याच्या खाली तो फुगा रुतून बसतो आणि वरची माती कितीही नाचली तरी घर जागचं हलत नाही. ही पद्धत घेतली तर प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, बीमखाली तीन-चार इंच पोकळी सोडायला लागते, नाहीतर फुगलेली माती बीमलाच खालून ढकलते. आमच्या मिस्त्रीला ही पोकळी म्हणजे कामातली चूक वाटली होती. दोनदा भरून ठेवली, दोनदा काढायला लावली. असले निर्णय आर्किटेक्टवर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा घ्या, सहीचे ड्रॉइंग घ्या. इंदूर भूकंपाच्या नकाशात वर्षानुवर्षे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात धरलं गेलं आहे, तेव्हा कॉलमच्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत हेही त्यातच लिहून येतं.

आता भरती. खणून निघालेली काळी माती ठेकेदार पुन्हा प्लिंथमध्येच ढकलतो, कारण डंपरने बाहेर नेण्याचे पैसे लागतात. करारात पहिल्या पानावर लिहा: काळी माती प्लॉटबाहेर, भरती मुरमाची, सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, ठोकून. हे तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. एकदा फरशी बसली की आत काय आहे ते उंदरालाच ठाऊक.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मध्य प्रदेशात १४० चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे, आणि ती करावीच. इंदुरात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ९० हजार लिटरच्या वर. पण नकाशा पास होण्यापुरता हा पाणी जिरवायचा खड्डा ठेकेदार भिंतीला लागूनच खणतो. म्हणजे ज्या मातीला कोरडं ठेवायचं तिलाच आपण पावसाळाभर पाजत बसतो. खड्डा पायापासून शक्य तितका लांब घ्या, किंवा फिल्टर लावून पाणी बोअरमध्ये सोडा. त्याच कारणाने घराभोवती तीन-चार फुटांची पक्की पट्टी, बाहेर उताराची, आणि भिंतीजवळ मोठी झाडं नकोत. मुळं उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतात आणि तेवढाच कोपरा खाली बसतो. आवडता गुलमोहर कंपाउंडच्या पार कडेला.

वेळेचं गणित कॅलेंडर समोर ठेवून करा. खोदाई दिवाळीनंतर. जमीन वाळलेली असते, कडा टिकतात आणि पुढे सात महिने पावसाची धास्ती नसते. मुहूर्त काढायला गुरुजींकडे जाल तेव्हा ठेकेदाराची तारीख खिशात असू द्या, उलट नको. प्लिंथ संक्रांतीपर्यंत उरकली तर उत्तम. मग होळीच्या आधीचा आठवडा वहीत लाल करून ठेवा. इंदूरचे बहुतेक मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे, आणि त्या आठवड्यात तिकडे भगोरियाचे हाट भरतात. साइट ओस पडते. एकही माणूस थांबत नाही, आणि थांबू नये. वर्षाचा सण आहे त्यांचा. आपण शहाणे असू तर त्या आठवड्यात स्लॅब ठरवणार नाही. आम्ही ठरवला होता. होळीनंतर रंगपंचमीची गेर, राजवाड्यावरची रंगांची मिरवणूक; तिकडून काहीही आणायचं असेल तर तो दिवसही गेला. दुसरं, रेती. पावसाळ्यात नर्मदेतून रेती काढायला बंदी असते आणि भाव चढतो, म्हणून गिलाव्यापुरती रेती मे महिन्यातच टाकून, झाकून ठेवा.

कागद लवकर सांगते, कारण ते वकिलाचं काम आहे. पुण्या-मुंबईकडून आलेली मंडळी सातबारा शोधत बसतात. इथे जमिनीच्या नोंदीसाठी खसरा आणि बी-१ हे उतारे मागायचे. शेतजमिनीचं डायव्हर्शन, म्हणजे बिगरशेती, झालंय का, कॉलनी वैध आहे का, नामांतरण तुमच्या नावाने चढलंय का. प्राधिकरणाचा प्लॉट असेल तर लीजची मुदत पाहा. नकाशा ऑनलाइन जातो. त्यात चहूबाजूंनी सोडायची मोकळी जागा, जिला इथे सगळे एमओएस म्हणतात, ती कागदावर सोडून जागेवर खाऊ नका. वाढीव खोली पुढे विकताना किंवा कर्ज काढताना गळ्यात येते. कर्ज असेल तर बँक टप्प्याटप्प्याने पैसे देते आणि टप्पा पूर्ण झाल्यावर देते, म्हणून एका टप्प्याचा खर्च तरी आपल्या हातात हवा. बांधकामासाठी विजेचं तात्पुरतं कनेक्शन आधी घ्या, आणि मलबा रस्त्यावर टाकू नका. या शहरात सफाईचं कौतुक जेवढं, तेवढाच दंडही.

ठेकेदाराशी बोलणी करण्यापूर्वी शब्द शिकून घ्या. घरी आपण खडी, सळई, गिलावा म्हणतो. साइटवर गिट्टी, सरिया, छपाई. विटांचं काम जुडाई, पाणी मारणं तराई. भावात काय धरलं आहे हे याच शब्दांत लिहून घ्या: तराईचा माणूस कोणाचा, शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) कोणाचं, काळी माती कोण उचलणार. पैसे झालेल्या कामाचे, होणाऱ्या कामाचे नाही. आमच्या पहिल्या ठेकेदाराने प्लिंथ होण्याआधीच स्लॅबच्या सरियाचे पैसे मागितले, आम्ही संकोचाने दिले, आणि मग तीन आठवडे त्याचा फोन लागला नाही. नाव सांगत नाही, पण संकोच महाग पडतो.

माल उतरताना घरचं कुणीतरी हजर हवं. बारा एमएमची बारा मीटरची एक सळई साधारण १०.६५ किलो भरते. गाडी काट्यावर नेणं जमत नसेल तर चार सळ्या वजन करून पाहा. सिमेंटच्या गोणीवर भरल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत पाठवा, आणि घेतलेल्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. रेतीसाठी काचेची बरणी पुरते. निम्मी रेती, वर मिठाचं पाणी, हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला तर ट्रक माघारी. ट्रकवाला हसेल. हसू द्या.

बांधकामाचं पाणी ही इंदूरची खरी अडचण. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढून येतं आणि बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं. ते काँक्रीटसाठी पुरणार नाही आणि पुरवूही नये. म्हणून बोअर आणि जमिनीखालचा हौद पहिल्या महिन्यात करून घ्या. तोच हौद बांधकामाला, तोच पुढे घराला. बोअर लागला नाही तर टँकरचा खर्च अंदाजपत्रकात आधीच घाला.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सगळ्यांना पोहे-जिलबी द्या आणि नंतर मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसा. ५० किलोच्या एका गोणीला २५ ते ३० लिटर पाणी, त्याच्यावर नाही. मजुरांना पातळ माल हवा असतो कारण तो पसरायला सोपा; तोच पुढे कमजोर होतो. सळयांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून दूर धरणारे ठोकळे, आहेत का ते ओतण्याआधी वाकून पाहा: स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. दगडाचे तुकडे चालणार नाहीत. मग तराई. साधं सिमेंट असेल तर सात दिवस हा किमान आकडा, आणि इंदूरच्या मे महिन्यात तो विसरा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला चौदा दिवस धरा. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे बांध घालून क्याऱ्या करून पाणी साठवा, कॉलमना गोणपाट गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून आलेला माणूस ‘तराई झाली’ म्हणतो, दुपारी एक वाजता जाऊन हात लावून बघा. टेकू काढायची घाई शटरिंगवाल्याला असते, कारण त्याला ते दुसरीकडे लावायचे असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. बीमचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा दिवस, पुढे एकवीस.

टाइल्स आणि रंग: टाइल्स पाच टक्के जास्त घ्या, एक खोकं माळ्यावर ठेवा. बाहेरचा रंग पहिला पावसाळा गेल्यावर.

आणि छपाईच्या दोन-तीन दिवस आधी सुट्टी काढा. नळाच्या लाइनी दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवा, बाथरूमच्या खोलगट भागात पाणी साठवून दोन दिवस खालून ओल येते का ते पाहा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, कोपऱ्यापासून टेप लावून, म्हणजे वायर आणि पाइप कुठून गेलेत ते इंचात दिसेल. आमचे फोटो एका जुन्या पेन ड्राइव्हमध्ये आहेत. मागच्या वर्षी मुलाने स्वयंपाकघरात कपाट ठोकायला ड्रिल काढलं, तेव्हा ते पहिल्यांदा उघडले. त्याने जिथे खूण केली होती, त्याच्या मागे दोन इंचांवर गरम पाण्याची लाइन होती.