कन्स्ट्रक्टर लिहिताना या चुका टाळा, नाहीतर शून्य किलोचा गुळाचा रवा निघतोय

राजारामपुरीत आमच्या घरी संध्याकाळी दोन-चार पोरं लॅपटॉप घेऊन येतात, कुणी डिप्लोमाचं, कुणी बीसीएचं, आणि दरवर्षी प्रोग्रॅमिंगमध्ये क्लास-कन्स्ट्रक्टर (क्लास म्हणजे वस्तूचा साचा, कन्स्ट्रक्टर म्हणजे त्यातनं नवीन वस्तू तयार होताना चालणारा कोड) आला की सगळ्यांची गाडी त्याच खड्ड्यात अडकते. एरर आली की पोरं घाबरतात, पण खरं सांगतो, एरर येतेय तोवर बरंय, कन्स्ट्रक्टरमधल्या वाईट चुका एरर न देता गुपचूप बसतात आणि आउटपुटला शून्य आलं की मग डोकं धरून बसायची वेळ येते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा धरून.

परवाचंच बघा. एका पोराच्या वडिलांचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे, तर त्यानं ते नेहमीचं स्टुडंट आणि रोल नंबर सोडून गुळाच्या रव्याचाच (म्हणजे ढेपेचाच) क्लास लिहिला, मला लई आवडलं ते. क्लासचं नाव गूळरवा, आत तीन फील्ड (माहिती ठेवायच्या जागा), प्रत ही स्ट्रिंग म्हणजे मजकूर, वजन आणि दर हे डबल म्हणजे दशांश संख्या. (जावात नावं देवनागरीत दिलेली चालतात, कीवर्ड मात्र इंग्रजीतच टाइप करायचे, इथं मी ते उच्चाराप्रमाणं लिहितोय.) गुऱ्हाळावर साचा एक आणि त्यातनं रवे कितीतरी निघतात, तसं क्लास एक आणि त्यातनं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष रवे, हवे तेवढे. कन्स्ट्रक्टर म्हणजे साच्यात पाक ओतायची वेळ. रवा बाहेर निघतानाच भरलेला पाहिजे, नंतर भरू म्हणून चालत नाही.

त्यानं कन्स्ट्रक्टरची ओळ लिहिलेली अशी:

व्हॉइड गूळरवा(स्ट्रिंग प्रत, डबल वजन, डबल दर)

आणि मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथनं सुरू होतो तिथं, नवीन रवा करायला न्यू गूळरवा("एक नंबर", 30, 42). कंपायलर (कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा) म्हणतोय, रिक्वायर्ड: नो आर्ग्युमेंट्स, फाउंड: स्ट्रिंग, इंट, इंट. पोरगं म्हणालं, सर, त्याला आर्ग्युमेंट (कंसात दिलेल्या किमती) नकोत म्हणतोय, आणि सरळ कंसातलं सगळं काढून टाकलं. झालं, कंपाइल झालं, रन झालं, आणि आउटपुट आलं नल, 0.0, 0.0. आता बघा घोळ कुठं आहे ते. कन्स्ट्रक्टरला रिटर्न टाइप (काय परत देणार ते) नसतो, व्हॉइड म्हणजे काहीच परत देत नाही, तेसुद्धा लिहायचं नाही. व्हॉइड लावलं की ती क्लासच्याच नावाची एक साधी मेथड होते, जावाला ते चालतं, म्हणून तक्रार नाही. मग क्लासमध्ये कन्स्ट्रक्टरच राहिला नाही म्हटल्यावर कंपायलर आपल्या पदरचा एक रिकामा देतो, आणि फील्ड आपोआपच्या किमतीवर राहतात, संख्येला 0, बूलियनला फॉल्स, स्ट्रिंगसारख्या गोष्टीला नल पडतं. एरर खोटं बोलत नव्हती, पण तिनं विचारलेलं कन्स्ट्रक्टर कुठाय, आणि आपण उत्तर दिलं भलतंच. रिक्वायर्ड: नो आर्ग्युमेंट्स दिसलं आणि तुम्ही तर कन्स्ट्रक्टर लिहिलाय, अशा वेळी आधी व्हॉइड शोधायचं.

व्हॉइड काढलं, आर्ग्युमेंट परत घातले, तरी आउटपुट तेच! कारण आत लिहिलेलं वजन = वजन; असं. इथं दोन्ही वजन म्हणजे कंसातनं आलेलं पॅरामीटरच, जवळचं नाव लांबच्या नावाला झाकतं, त्यामुळं पॅरामीटरची किंमत पॅरामीटरलाच दिली आणि फील्ड होतं तसं शून्यावर. धिस.वजन = वजन; असं पाहिजे, धिस म्हणजे आत्ता तयार होतोय तो रवा. काही जण यावर उपाय म्हणून पॅरामीटरचं नाव नुसतं व ठेवतात, ते चालतं, पण मग सवयीनं डबल वजन = व; लिहून बसतात आणि डबल लिहिल्यामुळं आत नवीन लोकल व्हेरिएबल (फक्त तिथंच टिकणारं) तयार होतं, कन्स्ट्रक्टर संपला की तेही संपलं. फील्ड परत शून्यच.

या तिन्ही चुकांवर माझ्याकडं एकच औषध आहे आणि ते मी पहिल्या दिवसापासून सांगतो: फील्डच्या आधी फायनल (किंमत एकदाच द्यायची, नंतर बदलायची नाही) लिहा. फायनल फील्डला कन्स्ट्रक्टर संपायच्या आत किंमत मिळालीच पाहिजे, नाही मिळाली तर कंपायलर तिथंच अडवतो, वजन इनिशियलाइज झालं नाही म्हणून फील्डचं नाव घेऊन सांगतो. म्हणजे जी चूक गप्प बसायची ती बोलायला लागते. पुढं दर बदलायला लागणार असेल तर त्या एका फील्डचं फायनल नंतर काढा, पण आधी लावूनच सुरुवात करा, ऐका माझं.

आता याच्या उलटी तक्रार: काल न्यू गूळरवा() चालत होतं, आज का चालेना? कारण आज तुम्ही तीन आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर लिहिलात. स्वतःचा एक जरी लिहिला तरी कंपायलर फुकटचा देत नाही. रिकामा हवा असेल तर हातानं लिहा, पण आधी स्वतःला विचारा, बिनवजनाचा रवा खरंच पाहिजे का? बहुतेक वेळा नको असतो. दर नेहमीचाच असेल तर दोन आर्ग्युमेंटचा कन्स्ट्रक्टर करा आणि त्यातनं धिस(प्रत, वजन, 42); असं मोठ्या कन्स्ट्रक्टरला बोलवा, तीच कॉपी-पेस्ट दुसऱ्यांदा नको. ही धिसची ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये सगळ्यात वर ठेवा. इनहेरिटन्स (एका पॅरेंट क्लासवरनं दुसरा चाइल्ड क्लास करणं) आलं की सुपरचंही, म्हणजे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरला बोलवायचंही, तसंच, पॅरेंटला रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल तर चाइल्डमध्ये सुपर(...) तुम्हालाच लिहावं लागतं.

फील्डला स्टॅटिक (सगळ्या ऑब्जेक्टमध्ये मिळून एकच जागा) लावू नका. मेनमधनं एरर आली की एडिटर ते सुचवतो, पोरं क्लिक करतात, आणि मग पाच रवे केले तरी सगळ्यांचं वजन शेवटच्या रव्याचं.

राहिली एक चूक, तिला फायनलसुद्धा धरू शकत नाही. वजन आणि दर दोन्ही डबल, त्यामुळं न्यू गूळरवा("एक नंबर", 42, 30) असं उलटं दिलं तरी कंपायलरला काही कळत नाही. आणि याच पोराचं तसंच झालेलं. एका रव्याची किंमत काढली, 1260. सरळ दिलं तरी 1260, उलटं दिलं तरी 1260, गुणाकारच तो! पोरगं खूश. मग पाच रव्यांचं एकूण वजन काढायला सांगितलं तेव्हा 150 च्या जागी 210 किलो आलं, आणि दोघं अर्धा तास बेरजेच्या लूपमध्ये चूक शोधत बसलो, लूप बिचारा बरोबर होता. तेव्हापासून कन्स्ट्रक्टरमध्ये तपासणी घालतोय, वजन शून्य किंवा कमी, नाहीतर 30 च्या वर असेल तर इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन थ्रो (म्हणजे चुकीची किंमत म्हणून प्रोग्रॅम तिथंच अडतो), कारण आमच्या प्रोग्रॅममधला मोठ्यात मोठा रवा 30 किलोचा आहे. आणि ऑब्जेक्ट केला की पुढच्याच ओळीला तिन्ही फील्ड नावासकट प्रिंट करायची, प्रत अमुक, वजन अमुक, दर अमुक. त्या दिवशी तपासणी नव्हती, त्यानं नुसतं प्रिंट केलं, वजन 42 दिसलं, आणि आकडे त्याचे त्यानंच अदलाबदल केले.