आपल्या माणसांची चित्रं काढताना या चुका टाळा

बाबांचं चित्र मी पहिल्यांदा काढलं ते एका समारंभातल्या फोटोवरून. कोट, नीट विंचरलेले केस, कॅमेऱ्याकडे बघून केलेलं हसू. तीन आठवडे खपले, कोटाची बटणंसुद्धा मोजून काढली. आईने बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हे असे कधी बसतात?"

माझी सगळी चूक त्या एका प्रश्नात आली होती. पुढच्या खेपेला बाबांना मी रेडिओ दुरुस्त करताना काढलं. चष्मा कपाळावर ढकललेला, ओठांच्या कोपऱ्यात धरलेला स्क्रू, आणि स्क्रूड्रायव्हरवर जोर देऊन पांढरट पडलेला अंगठा. चेहरा त्यात अर्धाच दिसतो. आई काही बोलली नाही. चित्र उचललं आणि आपल्या खोलीत घेऊन गेली.

घरच्यांची, मित्रांची किंवा मनाला भिडलेल्या एखाद्या सामाजिक कामाची चित्रं हात कच्चा असल्यामुळे बिघडतात, पण त्याहून जास्त बिघडतात ती नीट न बघितल्यामुळे. जीव असतो म्हणून आपल्याला वाटतं, हा चेहरा तर पाठ आहे. तो पाठ असतो ओळखण्यापुरता. काढायला बसलं की डावी भुवई कुठे वळते तेही आठवत नाही. म्हणून कागद हातात घेण्याआधी त्या माणसाच्या चार सवयी लिहून काढा. बसतो कसा, हात कुठे ठेवतो, विचारात पडला की काय करतो. चित्र बहुतेक वेळा त्या यादीतच सापडतं.

फोटोवर आंधळा विश्वास

सेल्फीवरून काढलेलं चित्र कितीही हुबेहूब झालं तरी घरच्यांना ते परकं वाटतं. कॅमेरा हातभर अंतरावर असला की नाक मोठं येतं आणि कान मागे सरकतात. आपण त्या माणसाला इतक्या जवळून कधी बघत नाही. दीड-दोन मीटर लांब उभं राहून थोडा झूम करून फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा आणि माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा. एका बाजूने उजेड आला की गाल, नाक, हनुवटी यांचे उठाव आपोआप दिसू लागतात. फ्लॅशमध्ये सगळा चेहरा सपाट होतो.

गेलेल्या माणसाचे एक-दोनच जुने, लहानसे फोटो असतील तर प्रश्न वेगळा. अशा वेळी एका फोटोतले डोळे आणि दुसऱ्यातले ओठ जोडायचा मोह होतो. दोन्ही फोटोंत उजेडाची दिशा आणि मानेचा कोन एकच नसेल तर ते जोडकाम कधीच बसत नाही. जे दिसत नाही ते अंदाजाने भरू नका. अर्धा चेहरा सावलीत गेलेला असेल तर चित्रातही सावलीतच राहू द्या.

चेहरा जमत नाही, मग डोळेच खोडत बसणं

चेहरा मिळेना झाला की बहुतेकजण डोळे पुन्हा पुन्हा खोडतात, तोवर कागदाची साल निघते. दोष सहसा डोळ्यांत नसतो, मोठ्या मापांत असतो. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत मोठ्या माणसाचे डोळे साधारण मध्यावर येतात. आपण ते वर काढतो आणि कपाळ आखूड करून टाकतो. लहान मुलांचे डोळे मध्याच्याही खाली असतात. ते चुकलं की तीन वर्षांचं मूल एकदम मोठं दिसायला लागतं.

चूक कुठे आहे ते शोधायला चित्र आरशात बघा किंवा उलटं धरा. सरावलेल्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा लगेच डोळ्यांत भरतो. डोळे किलकिले करून फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पाहिलं तर गडद-फिक्याचा हिशेब कुठे चुकला तेही कळतं.

दोन जागी हात आवरा. हसण्यात प्रत्येक दात वेगळा करणारी रेष काढू नका. दातांचा मिळून एक फिका आकार पुरतो. आणि आजीच्या सुरकुत्या म्हणजे रेषा नव्हेत, त्या मऊ सावल्या आहेत. टोकदार पेन्सिलीने ओढल्या की माया जाते आणि उरतं ते फक्त वय.

न विचारता काढणं

मैत्रिणीच्या आजारपणातलं चित्र तुम्हाला धीराचं वाटेल; तिला मात्र तो काळ भिंतीवर नको असेल. आधी विचारा. मुलांची चित्रं इतरांना दाखवण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांना विचारा. आणि फोटो दुसऱ्या कुणी काढलेला असेल, तर त्यावरून केलेलं चित्र विकण्याआधी त्याची परवानगी घ्या.

चांगल्या कामासाठी तीच ती चिन्हं

इथे मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. पृथ्वी धरलेले दोन हात, कबुतर, हृदयातून उगवलेलं रोप. काढणाऱ्याची तळमळ खरी असते, पण बघणारा थांबत नाही, कारण ते त्याने हजारदा पाहिलेलं असतं. एड्सग्रस्तांसाठीची लाल फीत 1991 मध्ये न्यूयॉर्कमधल्या कलाकारांनी एकत्र येऊन तयार केली. त्यांनी ती नव्याने शोधली होती, म्हणून ती बोलली. आज नुसती फीत काढून तेवढं काम होणार नाही.

त्याच आजाराने गेलेल्यांच्या स्मरणार्थ 1987 मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एक प्रचंड गोधडी पसरली होती. तिचे 1,920 तुकडे होते, प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. ते शिवले होते गेलेल्यांच्या मित्रांनी, जोडीदारांनी, घरच्यांनी. एका तुकड्यावर एका माणसाचं नाव, कुठे त्याचा शर्ट, कुठे त्याचं खेळणं. ती गोधडी बघणाऱ्याला आकडा नाही, माणूस भेटत होता. तुम्हालाही झाडांविषयी काही म्हणायचं असेल तर जंगल काढू नका. तुमच्या माहितीतलं तोडलं गेलेलं एक झाड, त्याच्या बुंध्यावर राहिलेल्या झोक्याच्या दोरीच्या खुणेसकट काढा. ज्यांच्यासाठी चित्र काढताय त्यांना केविलवाणं दाखवू नका. आपण कसे दिसावं असं त्यांना वाटतं ते त्यांनाच विचारा.

एक कायद्याची गोष्ट. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे आरोग्याचं सर्वसाधारण चिन्ह नाही. ते जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेलं आहे आणि मनाला येईल तसं वापरता येत नाही. चित्रात स्टेथोस्कोप किंवा पट्टी बांधणारे हात काढा. विक्रीचे पैसे एखाद्या संस्थेला देणार असाल तर संस्थेला आधी सांगा आणि किती देणार ते स्पष्ट लिहा.

दुःख ताजं असताना पूर्ण करायची घाई

जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केथे कोल्विट्झ यांचा 18 वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये युद्धात मारला गेला. त्याच्यासाठी शिल्प करायचं त्यांनी लगेच ठरवलं, पण ते उभं राहिलं 1932 मध्ये. पहिल्या कल्पनेत मुलाचा निजलेला देह होता. शेवटी मुलगा त्यात राहिलाच नाही. राहिले ते गुडघे टेकलेले आईबाप, स्वतः कोल्विट्झ आणि त्यांचे पती यांचे चेहरे असलेले. तुमचंही चित्र जमत नसेल तर ते फाडू नका, झाकून ठेवा. कदाचित माणसाऐवजी त्याची रिकामी खुर्ची काढायची असेल, आणि हे कळायला वेळ लागतो.

साहित्यात काटकसर

साध्या स्केचपेनची शाई उन्हात लवकर उडते; पिगमेंट शाईची, म्हणजे न उडणाऱ्या रंगकणांची पेनं घ्या. वर्तमानपत्रासारखा स्वस्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून आम्लविरहित कागद वापरा. जलरंगांसाठी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, नाहीतर तो फुगे धरतो. फ्रेममध्ये काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. आणि थेट उन्हाची भिंत टाळा. डिजिटल चित्र ए-4 आकारात छापायचं तर सुरुवातच 2480 बाय 3508 पिक्सेलने करा. लहान चित्र नंतर ताणलं की चेहऱ्याचीच धार आधी जाते. पडद्यावर उजळ दिसणारे रंग छापल्यावर मंद येतात, तेव्हा आधी एक नमुना छापून बघा.

चित्र झालं की मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: कोण, कधी, काय करताना. बॉलपेन वापरू नका, ते पुढे उमटतं. बाबांच्या चित्रामागे मी तारीख घातली होती. त्याखाली आईच्या अक्षरात एक ओळ नंतर आली आहे: "संध्याकाळी रेडिओ लागला."