ग्रीसच्या समुद्री गुहांत पोहताय? या चुका टाळा

कोकणच्या समुद्रावर वाढलेला माणूस ग्रीसला गेला की आधी भरती-ओहोटीच्या वेळा शोधतो. पण एजियन समुद्रात पाणी बहुतेक ठिकाणी जेमतेम वीतभर वर-खाली होतं. मग ‘इथे उधाण नाही, म्हणजे भीती नाही’ असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. इथे सगळं वाऱ्यावर अवलंबून असतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटला की सलग काही दिवस थांबत नाही. वर आकाश स्वच्छ, ऊन लख्ख आणि समुद्र मात्र खवळलेला.

म्हणून आधी वारा बघा, मग किनाऱ्याची बाजू ठरवा. मिलोस बेटावर मेल्तेमीच्या दिवशी उत्तरेकडची पापाफ्रागासची अरुंद घळ फेसाने भरलेली असते, तर नैऋत्येला क्लेफ्तिकोच्या गुहांत, म्हणजे चाच्यांच्या जुन्या आसऱ्यात, पाणी बरंच निवांत असू शकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पोहोचल्या पोहोचल्या आत शिरणं. तोंडाशी किमान दहा मिनिटं नुसतं बघत राहा. लाटा सारख्या नसतात. बऱ्याच लहान येतात, मग लागोपाठ तीन-चार मोठ्या. गुहेच्या भिंतीवर पाण्याच्या वर ओला काळा पट्टा दिसतो. तो पट्टा जिथपर्यंत आहे, तिथपर्यंत मोठी लाट नुकतीच पोहोचलेली आहे. आत गुहा निमुळती होत गेली की पाण्याला जायला वरच वाट उरते, आणि पोहणाऱ्याचं डोकं छतावर आपटतं. आतून ‘धप्प’ असा दबका आवाज येत असेल तर लाट हवा कोंडतेय असं समजा आणि त्या दिवशी तो बेत सोडाच.

कास्तेलोरिझो बेटावरच्या निळ्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की होडीतल्या सगळ्यांना आडवं व्हावं लागतं. लाट थोडी वाढली तरी ती वाट बंद होते. नावाडी ‘आज नाही’ म्हणाला, तर गळ घालू नका.

आत असताना पाणी वाढलंच, तर भिंतीला धरू नका. खडक हात सोलून काढतो. मधोमध तरंगत राहा, मोठ्या लाटा ओसरू द्या आणि बाहेर ओढणाऱ्या पाण्याबरोबर निघा. पाण्याखालच्या बोगद्यातून श्वास रोखून पलीकडे जायचा मोह कितीही झाला तरी नको. भर उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधार सरावायला काही मिनिटं लागतात, तोवर उंबऱ्यावरच थांबा. पायात रबरी बूट हवेतच, कारण खडकांवर समुद्री अर्चिन नावाचे काटेरी जीव असतात.

कड्याखाली टॉवेल पसरून बसणं हीसुद्धा चूकच. झाकिन्थोस बेटाच्या नावाजिओ किनाऱ्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये कड्याचा मोठा भाग कोसळून पर्यटक जखमी झाले होते.

ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतची बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते. ती गुहेच्या तोंडाशी नांगरून सगळ्यांनी उड्या मारू नयेत. एकजण वर राहिलाच पाहिजे. तटरक्षक दलाचा नंबर १०८, सर्वसाधारण आपत्कालीन नंबर ११२. गुहेत मात्र फोनला रेंज धरू नका.

आणि एक चूक अशी, जिचा त्रास आपल्याला नाही, दुसऱ्याच जिवाला होतो. भूमध्य समुद्रातला मंक सील हा सस्तन प्राणी पूर्वी उघड्या वाळूवर पिलं घालायचा. माणसांच्या त्रासाने तो गुहांत गेला. अलोनिसोस बेटाच्या परिसरात त्याच्यासाठी १९९२ मध्ये सागरी उद्यान झालं, पण हा सील इतर बेटांच्या गुहांतही राहतो. गुहेच्या टोकाला वाळूचा किंवा गोट्यांचा छोटा किनारा दिसला, तर ती सीलच्या मादीची बाळंतिणीची खोली असू शकते, विशेषतः सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. माणूस आत आला की आई बिथरून निघून जाते आणि पिलू एकटं पडतं. तेव्हा टॉर्च मारू नका, फोटोसाठी एक हातही पुढे जाऊ नका. आवाज न करता वळा आणि आलात तसे बाहेर पडा.