भित्तीपत्रकावर गायिकेचं आयुष्य मांडायचं असेल तर

भित्तीपत्रकाचा विषय एखादी गाजलेली गायिका ठरला की पोरी आधी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत फोटो काढायला पळतात. फोटो शेवटी काढा. आधी एक कोरा कागद घ्या आणि तारखा लिहा.

मी गंगाखेडला एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. अकरावी-बारावीच्या मुली कॉलेज सुटलं की मानव विकासची, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी योजनेची, बस येईपर्यंत आमच्याकडं बसतात आणि त्यांचं भित्तीपत्रक आमच्याच लांब टेबलावर तयार होतं. सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं, जानेवारीत सावित्रीबाईंचं, ही ठरलेली. मधल्या महिन्यांत विषय त्यांचा. तेव्हा गायिका येते, आणि तिच्या गाण्यांपेक्षा तिची लग्नं जास्त येतात. मी अडवत नाही. दुसऱ्याच्या घरात काय घडलं हे जाणून घ्यावंसं वाटणं वाईट नाही. ते जाणून घ्यायची एक रीत असते आणि ती शिकता येते. इथं ती अमेरिकन गायिका ब्रिटनी स्पीअर्सच्या निमित्तानं सांगते. तिच्या आयुष्याचे कागद कोर्टात आहेत, ती स्वतः बोललेली आहे, आणि तिच्याबद्दलच्या अफवाही ढीगभर आहेत. तिन्ही एका जागी सापडले की मुलींना फरक दाखवणं सोपं जातं.

तारखांचा कागद

जन्म २ डिसेंबर १९८१, मिसिसिपी राज्यात. बालपण लुइझियानातल्या केंटवूड नावाच्या लहान गावात. शाळकरी वयातच टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात. पहिलं गाणं १९९८ साली बाजारात आलं तेव्हा ती सोळा वर्षांची होती. इथं पेन खाली ठेवायला लावा आणि विचारा, तुम्ही आत्ता किती वर्षांच्या? हा प्रश्न विचारल्यावर टेबलावरचं बोलणं बदलतं. तोवर ती फोनमधली बाई असते, आता ती त्यांच्या बाकावरची होते.

पुढच्या तारखा भराभर लिहून टाका. गायक जस्टिन टिम्बरलेकशी असलेलं नातं २००२ मध्ये संपलं. जानेवारी २००४ मध्ये लास वेगासला बालमित्राशी लग्न, ते ५५ तासांत रद्द. त्याच वर्षी सप्टेंबरात केव्हिन फेडरलाइनशी लग्न, २००५ आणि २००६ मध्ये दोन मुलगे, २००७ मध्ये घटस्फोट. जून २०२२ मध्ये सॅम अस्घारीशी लग्न, २०२४ मध्ये तोही घटस्फोट पूर्ण. लग्नांना एवढीच जागा द्या. कोण कुणाला का सोडून गेलं यावर अर्धी शीट घालवली तर खरं सांगायचं राहून जातं.

मात्र तारखा नुसत्या ओळीनं लिहून सोडू नका, एकमेकींशेजारी ठेवून बघा. धाकटा मुलगा १२ सप्टेंबर २००६ चा. घटस्फोटाचा अर्ज ७ नोव्हेंबर २००६ चा. बाळंतपणाला दोन महिनेही झाले नव्हते. तिनं डोक्याचे केस काढले तो फेब्रुवारी २००७, म्हणजे बाळ पाच महिन्यांचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलांचा ताबा कोर्टानं वडिलांकडं दिला. ‘तिनं टक्कल का केलं’ हा प्रश्न घेऊन आलेल्या मुलींनी हा कागद वाचला तेव्हा एकजण म्हणाली, “माय, आमच्या वहिनीला तर सव्वा महिना उंबरा ओलांडू दिला नव्हता, आणि हिच्या गाडीभोवती फोटोवाले?” उत्तर आपण द्यायचं नाही. तारीख आणि बाळाचं वय शेजारी शेजारी लिहायचं, बस.

निळी शाई, काळी शाई, पेन्सिल

आता मजकूर. ती स्वतः बोलली किंवा तिनं लिहिलं ते निळ्या शाईत. कोर्टानं किंवा सरकारी नोंदीनं सांगितलं ते काळ्या शाईत. बाकी सगळं, म्हणजे ‘जवळच्या सूत्रांनी सांगितलं’, ‘म्हणे’, ‘अशी चर्चा आहे’, हे पेन्सिलीनं. पेन्सिलीचा मजकूर खोटाच असतो असं नाही. तो खोडता आला पाहिजे, एवढंच.

ही विभागणी मुलींना समजावताना मी जनाबाई घेते. आमच्या गंगाखेडची लेक, लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, जन्मभर दळण-कांडण केलं. ‘नामयाची दासी’ म्हणून तिनं स्वतःची ओळख स्वतःच्या अभंगात ठेवली आहे. ती निळी शाई. पुढं लोकांनी तिच्याभोवती गोष्टी रचल्या, प्रेमानं रचल्या, त्या आपण कीर्तनात ऐकतो. पण तिनं काय म्हटलं आणि लोकांनी काय म्हटलं हे इथल्या म्हाताऱ्या बायकांनाही वेगवेगळं सांगता येतं. मग जी गायिका हयात आहे, तिच्या बाबतीत आपण दोन्ही एकत्र का करावं?

निळ्या शाईतही एक काळजी घ्या. ब्रिटनीनं २०२३ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. टिम्बरलेकसोबत असताना आपण गर्भपात करून घेतला, हे तिनं त्यात सांगितलं. ते तिचं सांगणं आहे, म्हणून निळं, आणि ‘तिनं लिहिलं आहे की’ असं वाक्यातच यायला हवं. टिम्बरलेकनं फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, तेही निळ्यात, पण त्याच्या नावाखाली. दोघांच्या भांडणात भित्तीपत्रकानं न्यायाधीश व्हायचं नाही.

सहीची शीट

सगळ्यात मोठी शीट याला द्या, आणि बोर्डाच्या मधोमध लावा. मुलींना फक्त एक प्रश्न धरून वाचायला सांगा : सही कोणाची चालत होती?

जानेवारी २००८ मध्ये तिला रुग्णालयात दाखल केलं गेलं. फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या कोर्टानं तिचं पालकत्व तिचे वडील जेमी स्पीअर्स यांच्याकडं तात्पुरतं सोपवलं. पैशाच्या कारभारात त्यांच्यासोबत एक वकील. वर्ष संपायच्या आत हे तात्पुरतं पालकत्व कायमचं झालं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. घर, उपचार, पैसा, कामाचे करार, सगळ्यावर दुसऱ्यांचा शब्द. तिनं स्वतःचा वकील नेमायचा प्रयत्न केला, तर वकील निवडण्याची तुझी कुवत नाही असं ठरवून कोर्टानंच वकील नेमून दिला. आणि या सगळ्या वकिलांची फी जायची तिच्याच पैशातून.

हे सगळं काळ्या शाईत आहे. आता याच्या शेजारी कामाचा रकाना आखा. डिसेंबर २००८ मध्ये नवा अल्बम. २००९ मध्ये जगभर दौरा. २०१२ मध्ये टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेची परीक्षक. डिसेंबर २०१३ पासून २०१७ च्या अखेरपर्यंत लास वेगासला कार्यक्रम. डाव्या रकान्यात ‘स्वतःचा निर्णय घेऊ शकत नाही’, उजव्या रकान्यात हजारो लोकांसमोर रोज उभी राहून कमावते. हे दोन रकाने शेजारी आले की स्पष्टीकरणाची ओळ लिहू नका. वाचणारी स्वतः थांबते.

याच शीटवर तिचा आवाजही हवा. २३ जून २०२१ ला ती कोर्टापुढं दूरून बोलली, वीसेक मिनिटं. पुन्हा लग्न करायचं आहे, मूल हवं आहे, पण गर्भनिरोधक साधन काढून घेण्यासाठी डॉक्टरकडं जाऊ दिलं जात नाही, असं तिनं सांगितलं. मला माझं आयुष्य परत हवं, असं ती म्हणाली. हा मजकूर मुलींच्या हस्ताक्षरात निळ्या शाईनं लिहून घ्या, प्रिंट काढू नका. काही शिक्षकांना ‘गर्भनिरोधक’ हा शब्द कॉलेजच्या भिंतीवर नको वाटतो. शब्द ठेवा. जीवशास्त्राच्या पुस्तकात तो आहे, आणि तो काढला तर तिच्या म्हणण्यातला गाभाच जातो. प्राचार्यांशी बोलायचं असेल तर मुलींना पुढं करू नका, तुम्ही बोला.

त्यानंतर गोष्टी वेगानं घडल्या. जुलैत तिला स्वतःचा वकील निवडता आला. २९ सप्टेंबरला वडिलांना पालकपदावरून दूर केलं. १२ नोव्हेंबर २०२१ ला न्यायाधीश ब्रेंडा पेनी यांनी पालकत्व संपवलं. तेरा वर्षांहून जास्त. ‘ब्रिटनीला मुक्त करा’ म्हणत तिचे चाहते कोर्टाबाहेर फलक घेऊन उभे राहायचे, त्यांना एक चौकट द्या. ज्या चाहत्यांची नुसती गंमत केली गेली त्यांनी कोर्टाचे कागद चिकाटीनं वाचले होते.

वडिलांबद्दल लिहिताना हात आवरता ठेवा. मुलींना राग येतो, तो मलाही येतो. पण आपण तिच्या हितासाठी हे केलं, अशी त्यांची बाजू त्यांनी मांडली आहे, ती एका ओळीत यायलाच हवी. आपल्याकडंही पोरीचं बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड भावाच्या नाहीतर बापाच्या खिशात असतं आणि ते प्रेमानंच ठेवलेलं असतं. म्हणून तर ही शीट नीट, शांत भाषेत लिहायची.

काय चिकटवायचं नाही

तिच्या मुलांची नावं नकोत, फोटो नकोत. लहानपणी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. टक्कल केलेला फोटो नको, कितीही ओळखीचा असला तरी. ‘वेडी झाली’, ‘डोक्यावर परिणाम’ असले शब्द नकोत. आजाराचं नाव आपण द्यायचं नाही; डॉक्टर देतात, तेही रुग्णाला. इन्स्टावर ती आज काय नाचली, कशी दिसली, यावरही काही नको.

खालच्या कोपऱ्यातली आपली चौकट

दूर अमेरिकेतलं पालकत्व वाचून मुली हमखास विचारतात, “ताई, आपल्याकडं असं होतं का हो?” उत्तर भिंतीवर हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ असं लिहा. त्याखाली दोन ओळी पुरतात. आजारी पडलो आणि स्वतः ठरवता आलं नाही, तर आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती आपणच आधी लेखी नेमून ठेवू शकतो. आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं. हे हक्क अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरचे, म्हणून बारावीच्या मुलींना जवळचे वाटतात. शेजारी टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल बोलायच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक १४४१६, मोठ्या आकड्यांत. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, हे लिहायला विसरू नका. गेल्या खेपेला ही चौकट वरच्या कोपऱ्यात होती. मुलींना तो क्रमांक लोकांसमोर मान वर करून वाचायला नको वाटतं, हे लक्षात आल्यावर ती खाली, दाराच्या बाजूला आणली. तिथून जाता जाता कुणाच्या नकळत वाचता येतं.

लावताना

पूर्ण मापाच्या चार ड्रॉइंग शीट पुरतात : तारखा, मजकूर, सही, आणि चौथी गाण्यांची. गाण्यांची शीट गाळू नका. ती गायिका आहे, आणि तिच्या आवाजात काय आवडतं हे मुलींनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं की बाकीच्या तीन शीट वाचायला लोक थांबतात. अक्षरं चार फुटांवरून वाचता यावीत एवढी. डिंक पातळ असेल तर पावसाळ्यात शीट फुगते, त्यापेक्षा टाचण्या बऱ्या. फोटो एकच, गातानाचा.

कडेला तीन शाईंचा अर्थ लिहा, नाहीतर पेन्सिलीचा मजकूर अर्धवट राहिला असं लोकांना वाटतं. बोर्डाला काच असेल तर कुलूप लावा. उघड्या बोर्डावर मुलं काहीबाही लिहून जातात, आणि बाईच्या आयुष्याबद्दलच्या मजकुरावर जरा जास्तच लिहितात. लिहिलंच कुणी, तर ती शीट उतरवून नवी लावा, त्याच दिवशी. शीट लिहिणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्या बोर्डासमोरून वर्गात जायचं असतं.

शेवटी उजव्या खालच्या कडेला तारीख टाका : ही माहिती अमुक तारखेपर्यंतची. ब्रिटनी हयात आहे, तिचं पुढचं अजून घडायचं आहे. पंधरा दिवसांनी शीट उतरवताना पेन्सिलीच्या ओळी मुलींकडून पुन्हा तपासून घ्या. ज्यांना कागद सापडला त्या शाईत येतील, बाकीच्या खोडून मगच शीट गुंडाळून कपाटात ठेवा.