दूध तोडायच्या आधी पिल्लांच्या पोटाची तयारी

पावसाळ्यात डुकरांची दूध तोडायची, म्हणजे आईपासून वेगळी करायची, पिल्लं असली की आमची धावपळ तीन-चार आठवडे आधी सुरू होते. नियम एकच ठेवलाय: ज्या दिवशी आई जाईल, त्या दिवशी दुसरं काही बदलायचं नाही. कप्पा तोच, भावंडं तीच, खाद्य तेच, ताटलीसुद्धा तीच.

आम्ही 42व्या दिवशी तोडतो. मोठ्या फार्मवर 28व्या दिवशी तोडतात, पण त्यांच्याकडे ऊब राखणारी शेड आणि महागडं तयार फीड असतं. आपल्याकडे नसेल तर ती घाई आपली नव्हे. तारखेपेक्षा काटा बघा. पिल्लू गोणीत घालून तोला. निम्म्याहून जास्त पिल्लं आठ किलोच्या खाली असतील तर सगळी वीणच आठवडाभर पुढे ढकला. लोहाचं इंजेक्शन तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि खच्चीकरण पहिल्या दोन आठवड्यांत उरकलेलं असावं. स्वाइन फीव्हर या डुकरांच्या तापाची लस, जंताचं औषध डॉक्टरांना विचारून आधी किंवा नंतर. त्या आठवड्यात सुई नको.

खाद्याची ओळख दहाव्या-बाराव्या दिवसापासून. आईचं तोंड पोचणार नाही अशा कोपऱ्यात उथळ ताटलीत मूठभर ठेवा, दिवसातून दोनदा बदला, उरलेलं आईला घाला. सुरुवातीला पिल्लं त्यात नुसती लोळतात, लोळू द्या. दुधावरच्या पोटात दुधातली साखर पचवायची सोय भरपूर असते, मक्याची कमी. ती हळूहळू तयार होते आणि त्यासाठी मका रोज थोडा पोटात जावा लागतो.

हे न करता तोडलं की काय होतं ते सांगतो. निरोगी आतडं आतून टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक धाग्यांनी भरलेलं. अन्न शोषतात ते हे धागे. आई गेल्यावर पिल्लू दिवसभर उपाशी राहिलं तर धागे झडून आखूड होतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुकेनं ते खाद्यावर तुटून पडतं, आपल्याला वाटतं चला, रुळलं! पण न पचलेलं पुढे सरकतं, जंतूंना आयतं मिळतं आणि तिसऱ्या ते दहाव्या दिवसात पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते.

100 किलोला आमचं मिश्रण असं: मक्याचा भरडा 50, भाजून भरडलेली तांदळाची कणी 14, सोयाबीन पेंड 18, मासळीची कुटी 6, दूध पावडर 8, तेल दीड आणि मिनरल मिक्स्चर 2 किलो. उरलेल्या अर्ध्या किलोत थोडं मीठ आणि 200 ग्रॅम लायसिन (प्रथिनांचा एक घटक). प्रथिनं 19 टक्क्यांच्या आसपास बसतात. पेंड स्वस्त म्हणून 30 किलो करू नका, कोवळ्या आतड्याला सोयाबीन जड जातं. कच्चं सोयाबीन तर अजिबात नको. आम्हा सिंधुदुर्गातल्या लोकांना बाजारातल्या सुकटीचा मोह होतो, पण ती खारवलेली असते आणि पाणी कमी पडलं तर डुकराला मीठ बाधतं. कुटी बिनमिठाचीच हवी. मक्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत कोमट लागलं किंवा कुबट वास आला तर ते पोतं परत. बुरशीचं विष उकळूनही जात नाही.

मिनरल मिक्स्चर ‘अंगाला लागेल’ म्हणून वाढवू नका. लहान पिल्लाच्या जठरात आम्ल मुळात कमी, त्यात जास्तीचा चुना पडला की तेही मारलं जातं, आणि जंतूंना अडवतं ते आम्लच. उलट 100 किलोला एक किलो सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, मिसळा. तेही आधीपासून.

आता पाणी. गेल्या आषाढात पाच पिल्लांची पोटं खपाटीला गेली. आम्ही खाद्याला दोष देत बसलो आणि पिल्लं चोखून पाणी पितात त्या नळाच्या तोटीत, म्हणजे निपलात, शेवाळाचा बोळा निघाला. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येक निपलाखाली धरतो. मिनिटाभरात भरलीच पाहिजे. निपल खांद्याच्या उंचीवर, दहा पिल्लांमागे एक. शिवाय पहिले दोन दिवस उथळ पाटीत पाणी.

जमीन कोरडी, वर भाताचा तूस, कोपऱ्यात बल्ब. पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपली तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या.

तोडायच्या दिवशी सकाळी आईला बाहेर काढा, पिल्लांना हलवू नका. खाद्य कोमट पाण्यात कालवा, कढीपेक्षा घट्ट, पिठल्यापेक्षा पातळ. पहिल्या दिवशी पिल्लामागे 100 ते 150 ग्रॅम कोरडं खाद्य, सहा वेळांत वाटून. वीस मिनिटांत उरेल ते उचला, ताटली धुवा. आठवड्याअखेर 350 ग्रॅमपर्यंत या. हॉटेलचं उरलंसुरलं या वयाला नकोच. मोठ्यांनाही उकळल्याशिवाय नको, 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात आहे.

रोज सकाळी वाकून शेपटीखाली बघा. हगवण दिसली तर खाद्य निम्मं करा, पाणी नाही. ओआरएस वेगळ्या पाटीत ठेवा. दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, किंवा चांगल्या वाढलेल्या पिल्लाच्या पापण्या सुजल्या आणि ते झोकांड्या खाऊ लागलं, तर लगेच डॉक्टर. दुकानदार देईल ती पुडी पाण्यात घालू नका. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला आपल्याकडे 2019 पासून बंदी आहे, आणि हगवणीवर देत असलेला झिंक ऑक्साइडचा औषधी डोस युरोपनं 2022 मध्ये बंद केला.

आई गेल्यावर दहा दिवस हेच मिश्रण. अकराव्या दिवसापासून पुढच्या खाद्याचा रोज चौथा हिस्सा वाढवत चार दिवसांत बदला. आई मात्र चौथ्या ते सातव्या दिवशीच माजावर येते, तेव्हा नर दाखवायची तारीखही कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.