व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम आणि वॅट कसे काढायचे: पाणी तापवायच्या रॉडवर करून बघू

मागच्या थंडीत आमच्याकडे पाणी तापवायच्या रॉडचा प्लग काळा पडला, सॉकेट वितळायला आलं होतं. रॉड मात्र एकदम ठणठणीत. मग बिघडलं काय, तर ते दोन आकड्यांवरून कळतं, व्होल्टेज आणि करंट. शाळेत ओहमचा नियम सगळ्यांनीच घोकलाय (गेओर्ग ओहम या जर्मन मास्तरांनी तो १८२७ साली पुस्तकात मांडला) पण घरातल्या वस्तूवर तो लावून बघितला की खरा डोक्यात बसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी मोजायचं कसं ते. नवीन सॉकेट बसवल्यावर मी रॉड बादलीत बुडवून चालू केला आणि त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघितलं, २२५ व्होल्ट आलं. हे रॉड चालू असतानाच बघायचं बरं का, कारण लोड पडला की व्होल्टेज थोडं उतरतं. मल्टिमीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकातच आहे ना ते दोनदा तपासा, १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली तर सरळ शॉर्टसर्किट होतं. हात बसलेला नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

करंटसाठी टाँग टेस्टर म्हणजे क्लॅम्प मीटर वापरा, वायर तोडावी लागत नाही. पण अख्ख्या केबलला चिमटा लावला तर शून्य दाखवतो आणि लोक म्हणतात मीटर खराब आहे. फेजमधून जाणारा करंट न्यूट्रलमधून परत येतो, दोघांचा परिणाम एकमेकांना खाऊन टाकतो, म्हणून चिमट्यात एकटी फेजची वायर हवी. मी एका एक्स्टेंशनच्या केबलचं वरचं आवरण, प्लग काढून ठेवलेला असताना, वीतभर सोललं, आतल्या तिन्ही वायरींचं इन्सुलेशन अजिबात न दुखावता. आकडा आला ६.४ अँपिअर.

आता गणित, आणि ते खरंच दोन ओळींचं आहे. रेझिस्टन्स (म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) काढायला व्होल्टेजला करंटने भागायचं: २२५ भागिले ६.४ म्हणजे साधारण ३५.२ ओहम. पॉवर काढायला दोन्हींचा गुणाकार: २२५ गुणिले ६.४ म्हणजे १४४० वॅट.

रॉडवर तर १५०० वॅट छापलंय, मग फसवलं का? नाही. छापलेला आकडा २३० व्होल्टसाठी असतो. २३० भागिले ३५.२ केलं तर ६.५३ अँपिअर, त्याला २३० ने गुणलं की १५०० च्या आसपास येतं, म्हणजे रॉड बरोबर आहे.

यातून एक फार कामाची गोष्ट कळते. रॉडचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, व्होल्टेज बदललं की पॉवर वर्गाने बदलते (पॉवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि अँपिअर म्हणजे व्होल्ट भागिले ओहम, म्हणून व्होल्टचा वर्ग भागिले ओहम). व्होल्टेज १८० वर आलं, संध्याकाळी खूप गावांत येतं, तर १८० चा वर्ग भागिले ३५.२ म्हणजे जेमतेम ९२० वॅट. १५ लिटरची बादली ३० अंशांनी तापवायला १४४० वॅटला सुमारे २२ मिनिटं लागतात तीच ९२० ला ३४ मिनिटं घेते (बादलीतून बाहेर जाणारी उष्णता यात धरलेली नाही). रॉड जुना झाला असं वाटतं ना, ते पुष्कळदा असं असतं.

हे गणित सगळीकडे मात्र डोळे झाकून लावू नका. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना ५२९ ओहम निघतो, पण थंड असताना मल्टिमीटरने मोजलात तर त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी दिसेल, कारण टंगस्टनची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. आणि पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर यांच्यात कॉइल असते, तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर हे वॅटपेक्षा जास्त येतं, त्याला पॉवर फॅक्टरनेही (त्या वस्तूचा एकापेक्षा लहान असा एक आकडा) गुणावं लागतं. रॉड, इस्त्री, गिझर या तापणाऱ्या वस्तूंना मात्र ते बिनधास्त लावा.

आता त्या काळ्या प्लगकडे येतो. त्या बोर्डावर होतं ६ अँपिअरचं छोटं सॉकेट आणि करंट ६.४, २३० व्होल्ट आले तर साडेसहा, म्हणजे मुळातच जास्त. त्यात वापरून वापरून आतल्या पत्र्या सैल झालेल्या. समजा त्या सैल जागी अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला. तिथे वाया जाणारी पॉवर काढायला करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स करायचं: ६.४ चा वर्ग ४०.९६, त्याचा अर्धा म्हणजे २० वॅटच्या वर. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं, इथे जवळजवळ तेवढी उष्णता प्लास्टिकच्या आत कोंडलेली! व्होल्टेज त्या जागी फक्त ३.२ ने पडतं, म्हणून पाणी नेहमीसारखंच तापतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

करंट अर्धा केला की ही उष्णता पाव होते, म्हणून त्याच ढिल्या सॉकेटवर मोबाईलचा चार्जर वर्षानुवर्षं चालतो आणि रॉड एका थंडीत ते जाळतो. मी आता १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट बसवून घेतलाय, रॉडला प्लगही त्याच मापाचा. तुमच्याकडे रॉड असेल तर पाणी तापल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा, चटका बसत असेल तर ते सॉकेट उद्याच बदला.